पद्मिनीच्या इंजिनाला स्टँड: रेडिमेड घेऊ की अंबडला बनवून घेऊ?

सिडको_पद्मिनी:
नमस्कार मंडळी, बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९८६ ची, हँडलवर गिअर असलेली. बाबा गेल्यापासून सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, आता दिवाळीपर्यंत ती चालू करायचीच असं मी आणि धाकट्या भावाने ठरवलंय. गेल्या रविवारी शेजारच्या बांधकामावरून चेन ब्लॉक मागून आणला आणि इंजिन उतरवलं, सध्या जुन्या टायरवर ठेवलंय. पण टायरवर काम होत नाही हो, चेंबर (खालची ऑइलची टाकी) खोलायचं तर इंजिन आडवं करा, हेड खोलायचं तर परत सरळ करा, दर वेळी दोघं लागतात आणि भाऊ पुण्याहून शनिवार-रविवारच येतो.

ऑनलाइन एक स्टँड बघितलाय, तीन चाकांचा, त्यावर ४५० किलो लिहिलंय, सगळं धरून साडेआठ हजार. दुसरीकडे इथे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ओळखीचा फॅब्रिकेशनवाला आहे, तो म्हणतो माप दे, दोन दिवसात बनवून देतो, मटेरियलसकट पाच-सहा हजारात. इंजिन १०८९ सीसीचंच आहे त्यामुळे मला वाटतं कुठलाही चालेल. काय करू? आणि बनवायचा तर माप काय देऊ? खाली शहाबादी फरशी आहे, तेही सांगून ठेवतो.

अँबी_पंचवटी:
भाऊ, शहाबादी फरशी म्हणालास म्हणून लगेच लिहितोय, तीन चाकांचा अजिबात घेऊ नको. माझ्याकडे अँबेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन अशाच तीन चाकांच्या स्टँडवर होतं, गॅरेजमधून उजेडात आणत होतो, पुढचं एकुलतं एक चाक फरशीच्या फटीत गेलं आणि स्टँड जागच्या जागी थांबला पण वरचं वजन थांबलं नाही. आडवं झालं सगळं. डिस्ट्रिब्युटर फुटला, फॅनची पुली वाकली, पाय थोडक्यात वाचला. ४५० किलो लिहिलेलं होतं त्यावर पण, आणि लोखंड काही तुटलं नाही, नुसता कलंडला. म्हणजे किलोचा आकडा बघून काही कळत नाही.

चार चाकं, ती पण १०० मिमीची, छोटी चाकं फटीत बसतात. दोनांना ब्रेक पाहिजे. आणि स्टँड कधी इंजिनाला धरून ढकलायचा नाही, खालच्या फ्रेमला धरून ओढायचा.

सातपूर_टूलरूम:
चिरंजीव, मी ३१ वर्षं सातपूरला टूलरूममध्ये काढली, फिक्स्चर, म्हणजे काम पक्कं धरून ठेवायची साधनं, बनवणं हेच काम होतं, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. तुम्ही किती वजन पेलेल हे विचारताय, मी आधी ते वजन कुठे लटकणार हे विचारीन.

स्टँडला इंजिन मागच्या बाजूने धरतात, बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या कव्हरचे) जे आटे असतात त्यांत एक प्लेट आवळून. प्लेटच्या मागचा पाइप स्टँडच्या पाइपात फिरतो, म्हणजे इंजिन हवं तसं फिरवायचं आणि पिन घालून थांबवायचं. त्या भोकांचा मध्य साधारण क्रँकच्या आसपास येतो. आता चार सिलिंडर उभे, वर बिडाचा ब्लॉक, त्यावर हेड, म्हणजे वजनाचा मध्य क्रँकच्या बराच वर. फॅब्रिकेशनवाला बिचारा भोकांच्या बरोबर मधोमध पाइप वेल्ड करतो कारण दिसायला तेच बरोबर दिसतं, आणि मग पिन काढली की इंजिन गर्रकन उलटं होऊन हेड खाली येतं. समजा इंजिन १२० किलो आणि मध्य आसापासून, म्हणजे त्या फिरणाऱ्या पाइपच्या मध्यापासून, ५ सेंमी लांब, तर इंजिन आडवं असताना ६ किलोग्रॅम-मीटरचा पीळ येतो, अर्ध्या मीटरच्या दांड्याला १२ किलो. एकटा माणूस एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पिन लावायला गेला की बोट गेलंच. आस वजनाच्या मध्यावर आला तर तेच इंजिन पोराने फिरवावं असं फिरतं.

हा मध्य काढायला काही मशीन लागत नाही. चेन ब्लॉक आहेच ना तुमच्याकडे? इंजिन एकाच ठिकाणाहून टांगा, जरा एका अंगाला कललं पाहिजे असं. हुकापासून ओळंबा सोडा आणि मागच्या तोंडावर खडूने दोरीची रेघ मारा. मग दुसऱ्या अंगाच्या भोकातून टांगा, परत रेघ. दोन रेघा जिथे कापतात तिथे वजनाचा मध्य. टांगताना इंजिनाखाली हात-पाय घालायचा नाही, खाली टायर ठेवूनच द्या. आणि स्टँडवर जसं बसवणार तसंच टांगा, म्हणजे फ्लायव्हील आणि क्लच काढून, कारण ते असलं तर मागची प्लेट बसतच नाही.

मग १२ मिमीची एक प्लेट घ्या, तिच्यावर तुमच्या इंजिनाची भोकं पाडा आणि पाइप त्या खडूच्या फुलीच्या सेंटिमीटरभर वर लावा, म्हणजे खालची बाजू किंचित जड राहील आणि इंजिन आपोआप सरळ उभं राहू बघेल. हेड निघालं की मध्य खाली जातो, क्रँक निघाला की वर जातो, म्हणून भोकांचा दुसरा संच २५ मिमी सरकवून पाडून ठेवा. रेडिमेड स्टँडच्या प्लेटला चार हलणाऱ्या बाह्या असतात त्या हेच करायला, पण बहुतेक लोक त्या एकदा आवळतात आणि विसरतात.

बाकीचं थोडक्यात. खाली ५० x ५० चा ४ मिमी चौकोनी पाइप. पुढचे पाय क्रँकच्या पुलीपर्यंत पोचले पाहिजेत, इंजिन सगळं पुढे लोंबतं म्हणून. उभ्या खांबाच्या बुडाला दोन्ही अंगांनी त्रिकोणी पट्ट्या. आतला पाइप ज्यात फिरतो तो बाहेरचा पाइप सीमलेस (बिनशिवणीचा) घ्या, शिवणीचा असेल तर आतली शिवण अडते, आणि दोघांत अर्धा मिलिमीटर सैल ठेवा. बाहेरच्या पाइपचं नाक २-३ अंश वर उचलून वेल्ड करा, वजन आलं की ते सरळ होतं आणि आतला पाइप पुढे सरकून निसटत नाही, तरी मागून एक जाड वायसर आणि बोल्ट पाहिजेच. पिनची भोकं ४५ अंशांवर, पिन १२ मिमी. नुसत्या आवळायच्या स्क्रूवर विसंबायचं नाही.

जीपवाली_इगतपुरी:
काकांनी सगळं सांगितलंय, माझ्याकडून दोन-तीन गोष्टी, आमच्या घरी गॅरेज आहे आणि मी स्वतः वेल्डिंग करते म्हणून.

भंगारातून जीआय (जस्त चढवलेला) पाइप स्वस्त मिळतो म्हणून तो आणू नका. वरचा जस्ताचा थर जळून धूर होतो, रात्री थंडी वाजून ताप भरतो आणि वेल्डही पोकळ होते. साधा एमएस (माइल्ड स्टील) घ्या. प्लेटला पाइप लावताना कडा तासून, गोल फिरवून पूर्ण वेल्ड, चार टाके मारून सोडलेली नको, सगळं वजन त्या एका सांध्यावर असतं. रंग मारायच्या आधी तो सांधा स्वतः डोळ्यांनी बघा, फॅब्रिकेशनवाल्याला वाईट वाटलं तरी चालेल.

बोल्टचं. डोक्यावर ८.८ (मजबुतीचा दर्जा) लिहिलेलेच घ्या. पद्मिनी मूळ फियाट, आटे मिमीतले, आणि वर अँबीवाल्या दादांचं इंजिन इंग्लिश घराण्याचं, त्याला इंचाचे लागतात, म्हणून एकाचे बोल्ट दुसऱ्याला "जवळपास बसतोय" म्हणत पान्याने घालू नका. बिडातले आटे गेले की इन्सर्ट (नव्या आट्यांची बुशी) बसवत बसावं लागतं. जुना बेलहाउसिंगचा बोल्ट खिशात घालून दुकानात जा. प्लेटच्या जाडीमुळे बोल्ट आत कमी जातो, तो व्यासाच्या दीडपट तरी आत गेला पाहिजे, १० चा असेल तर १५ मिमी. फार लांब घेतला तर भोकाच्या तळाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि प्लेट सैलच राहते. आधी हाताने घालून फेरे मोजा.

आणि मागून धरलं की क्रँकच्या मागच्या सीलचं काम स्टँडवर होत नाही, ते शेवटी टेबलावर करावं लागेल. आमचं जीपचं हरिकेन इंजिन आम्ही त्यासाठीच बाजूच्या माउंटिंगच्या भोकांवर धरतो.

सिडको_पद्मिनी:
काका, ताई, दादा, मनापासून आभार. काल भाऊ आला होता, दोघांनी ओळंब्याचं करून बघितलं. फ्लायव्हील काढलं, दोनदा टांगलं, खात्री म्हणून तिसऱ्यांदाही टांगलं, तिन्ही रेघा जवळजवळ एकाच जागी. फुली क्रँकच्या मध्यापासून चार बोटं वर आली! भोकांच्या मधोमध पाइप लावला असता तर काय झालं असतं ते डोळ्यांनी दिसलं. ऑनलाइनचा विचार सोडला. एकच शंका, पुढचे महिने इंजिन स्टँडवरच राहणार, काम फक्त सुट्टीच्या दिवशी, तर एवढे दिवस लटकत ठेवलं तर चालेल का?

सातपूर_टूलरूम:
राहू द्या, पण काम नसेल तेव्हा पुढच्या बाजूने ब्लॉकच्या खाली लाकडी ठोकळा आणि स्क्रू जॅक लावून भार उचलून धरा, बोल्टांवर आणि चाकांवर ताण राहत नाही. जॅक चेंबरच्या पत्र्याला लावू नका, दबतो. पावसाळा आहे, सिलिंडरमध्ये ऑइल सोडून भोकं बंद करा आणि आठवड्यातून एकदा क्रँक हाताने फिरवा.

सिडको_पद्मिनी:
करतो काका. प्लेटचा कागदी साचा खऱ्या भोकांवर धरून कापलाय, फुली आणि तिच्यावरचा एक सेंटिमीटर लाल पेनाने काढलाय. उद्या सकाळी अंबडला नेऊन देतो, वेल्डिंग होईपर्यंत तिथेच थांबणार आहे.