मदत हवी आहे: दिवेलागणीच्या गप्पांची नुसती हजेरी झालीय!

इंदूरला राहतो. घरी सासू-सासरे, मुलं ११ आणि ७ वर्षांची. देवापुढे दिवा लावल्यावर प्रत्येकाने दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची आणि तिच्यासाठी आभार मानायचे, असं दिवाळीपासून सुरू केलं. आता थोरला म्हणतो, "कालचंच." धाकटी रोज "पोहे-जिलेबी", न खाताही! वही केली, चार दिवस टिकली. बरणीत चिठ्ठ्या टाकल्या, निम्म्या कोऱ्या निघाल्या. सासरे म्हणतात, घरच्यांचे कसले आभार? (जेवून उठताना स्वतः मात्र "अन्नदाता सुखी भव" म्हणतात, तेही स्वयंपाकघराकडे बघून.) दहाच मिनिटं मिळतात, मग थोरल्याची शिकवणी. मोबाइल ॲप नको. बळजबरी न करता मुलं बोलती व्हावीत म्हणून तुमच्याकडे काय चाललं? आणि "थँक्यू"ऐवजी घरात रुळेल असं काय म्हणता?