पणजी-ताळगावात नितळ साराचं फो कुठे मिळेल? (किनाऱ्यावरचे कॅफे सोडून)

नमस्कार मंडळी,

राहते सांतिनेजला. गेल्या डिसेंबरात नवऱ्याच्या कामामुळे आठ दिवस व्हिएतनाममध्ये, हनोईत काढले आणि तेव्हापासून जीभ बिघडली आहे. तिथे रोज सकाळी फुटपाथवर, बालवाडीतल्या पोरांना बसवतात तेवढ्या बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून फो खायचो. तांदळाच्या चपट्या शेवया, वर कांद्याची पात आणि वाफाळतं सार. चक्रीफूल, दालचिनी, विस्तवावर करपवलेलं आलं नि कांदा. म्हणजे सगळं आपल्याच डब्यातलं, पण तिखट नाही की खोबरं नाही! बहुतेकजण बीफचं खातात, आम्ही कोंबडीचं घ्यायचो. त्याला तिथे ‘फो गा’ म्हणतात.

इथे शोधून दमले. आसगाव-हणजूणकडे ‘एशियन’ पाटीचे कॅफे ढिगाने आहेत. एकाच कार्डावर सुशी, थाई करी, मोमो आणि तळाला फो. एका ठिकाणी (नाव घेत नाही) साडेपाचशे रुपयांत जे आलं ते मनचावचं थोरलं भावंड होतं. कॉर्नफ्लोअरने दाटवलेलं, सोया सॉसने काळं, आत हक्का नूडल्स. अहो, फोच्या वाडग्याचा तळ दिसला पाहिजे!

तर पणजी, ताळगाव, मिरामार, फार तर पर्वरीपर्यंत कुणाला एखादी छोटी, फारशी बोलबाला न झालेली जागा माहीत आहे का? घरगुती ऑर्डर घेणारं कुणी असेल तर उत्तमच. नवऱ्याला ‘बून चा’ हवं आहे: कोळशावर भाजलेलं पोर्क आंबटगोड पाण्यात, सोबत शेवया आणि हिरवा पाला. गोव्यात पोर्कला तोटा नाही, मग हे कुणी का करत नाही?

खरी अडचण सासूबाईंची. सोमवारी आणि गुरुवारी त्या शाकाहारी. व्हिएतनामी जेवणात माशांपासून केलेलं ‘न्योक माम’ कशातही असतं. भाजीच्या रोलसोबतच्या चटणीतसुद्धा. तिथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे शाकाहारी खानावळी वेगळ्या असतात. पाटीवर ‘चाय’ लिहिलेलं. (ह्यांना पहिले दोन दिवस ती चहाची टपरी वाटत होती.) इथे वेटरला विचारलं तर ‘व्हेज आहे मॅडम’ म्हणून मोकळा होतो. आत काय आहे ते खरं सांगणारी जागा हवी.

---

पात्रावकर: ताई, दक्षिणेकडच्या सायगॉन पद्धतीच्या फोबरोबर मोड आलेले मूग आणि पाल्याचं ताट येतं, हनोईकडे तसं नसतं. त्यामुळे ताट दिसलं नाही म्हणून जागा बाद करू नका. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत जा, उत्तर गोव्यातली बरीच ठिकाणं जूनला शटर ओढतात.

मडगावची_मावशी: कोंबडीचं फो घरी जमतं गं. पाय-मान-पाठीचं सार मंद आचेवर ठेव, उकळ्या फुटू देऊ नकोस, नाहीतर गढूळ होतं. तुळस घालू नकोस हं, सब्जाची पानं घाल, ती तिथल्या पाल्याला जवळची. शेवया मात्र तांदळाच्याच घे. पण बून चासाठी माझ्याकडे उपाय नाही.

दोनापावलकर: आमच्या ओळखीत एकजण शनिवारी आगाऊ ऑर्डरवर करून देतो, बसायला जागा नाही. न्योक माम वगळून वेगळी चटणी करतो का ते विचारून खासगी निरोपात कळवतो.

मूळ धागाकर्ती: दोनापावलकर, देव बरें करूं! डबे मी घेऊन येईन. फक्त शनिवार असल्यामुळे सासूबाई त्या दिवशी मासे खातात, म्हणजे चटणीचा प्रश्नच मिटला. बून चाचं तेवढं विचारा.