क्रोमोसोम दुप्पट निघाले, मग नवीन स्पीशीज झाली का?

पानाआड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आता अडलंय म्हणून धागा काढतेय. टॅक्सॉनॉमीत (वर्गीकरणशास्त्रात) पीएचडी चालू आहे, दुसरं वर्ष. एका जीनसमधली (नाव आत्ता सांगत नाही, रागावू नका) एक नेहमीची स्पीशीज आहे, तिची क्रोमोसोम संख्या जुन्या पेपरांत सगळीकडे २एन (म्हणजे शरीराच्या पेशीतले एकूण क्रोमोसोम) = १६ दिलीये. मला एका उतारावर तशीच पण जरा दांडगी रोपं सापडली. पानं जाड, फूल दोन-तीन मिलिमीटरने मोठं, परागकण मोठे, आणि फुलाच्या देठावर चिकट ग्रंथीवाले केस, जे नेहमीच्या स्पीशीजच्या वर्णनात कुठेच नाहीत. मुळांची टोकं घेऊन स्लाइड केल्या तर सरळ ३२! तीन रोपं, मिळून अकरा पेशी मोजल्या.

गाइड एकदम खूश, म्हणाले नवीन स्पीशीज आहे, लिहायला घे. घेतलंय पण मनात धाकधूक आहेच. संख्या वेगळी आणि दिसायलाही वेगळी, एवढ्यावर नवीन स्पीशीज लिहिता येते का? डीएनएचं काम केलेलं नाही, सध्या तरी तशी सोय नाही.

(स्पीशीजच म्हणतेय कारण विश्वकोशात प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज, आणि पेपरवाले बरोब्बर उलटं लिहितात. त्यावर इथे वाद नको.)

स्लाइडवाला

आधी अभिनंदन, ३२ क्रोमोसोम एकमेकांवर न चढता मोजता आले म्हणजे हात चांगला आहे. आता खवचट प्रश्न. प्रीट्रीटमेंट (फिक्स करायच्या आधी मुळं ज्या औषधात ठेवतात ते) कशाची आणि किती वेळ? आणि नेहमीची १६ वाली स्पीशीज तुम्ही स्वतः, त्याच बाटलीतून, त्याच दिवशी मोजली का, की १६ पेपरातून उचलले?

विचारतोय कारण पेपरातल्या आकड्यावर विसंबलं की काय होतं ते माणसाच्याच बाबतीत झालंय. माणसाचे ४८ क्रोमोसोम असं १९२३ पासून सगळे धरून चालले होते, १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान यांनी ४६ दाखवले. गंमत म्हणजे हे दोघं वनस्पतींच्या क्रोमोसोमवरही काम करायचे, ऑक्सिक्विनोलीनची प्रीट्रीटमेंट वापरायचा त्यांचा १९५० चा पेपर आपण अजून लॅबमध्ये वापरतो. तीस वर्षं लोक मायक्रोस्कोपमधून बघत होते आणि ४८ च दिसत होते, कारण ४८ दिसायला हवेत हे आधीच ठरलेलं.

पानाआड

०.०५ टक्के कोल्चिसिन. वेळ... रात्रभर. संध्याकाळी ठेवलं आणि सकाळी फिक्स केलं (पेशी आहेत तशा थांबवल्या), कारण लॅब लवकर बंद होते. आणि नाही, १६ वाली मी स्वतः मोजली नाही, पेपरातूनच घेतले :(

आता आठवतंय की एका स्लाइडवर १६ च्या दोन पेशी होत्या, मला वाटलं दाबताना पेशी फुटून अर्धे क्रोमोसोम वाहून गेलेत, म्हणून सोडून दिल्या.

स्लाइडवाला

हं. तिथेच शंका होती.

बघा, कोल्चिसिन स्पिंडल (क्रोमोसोम दोन बाजूंना ओढणारे धागे) बनू देत नाही म्हणून तर क्रोमोसोम छान पसरतात. पण जास्त वेळ ठेवलं तर क्रोमोसोम दुभंगतात, पेशी मात्र दुभंगत नाही, आणि तीच पेशी पुढच्या फेरीला दुप्पट संख्या घेऊन उभी राहते. लोक मुद्दाम टेट्राप्लॉइड (दोनाऐवजी चार संचांची) झाडं बनवायला हेच औषध वापरतात, हे विसरू नका! म्हणजे तुमचे ३२ रोपाचे आहेत की बाटलीचे, हे आत्ता सांगता येत नाही. दोन-तीन तास पुरे होतात, फार तर चार. आणि ज्या पेशी आपल्याला हव्या त्या आकड्याच्या नाहीत त्या वहीत लिहूनच ठेवायच्या, सोडायच्या नाहीत, त्या दोन पेशींनी तुम्हाला आधीच सांगितलं होतं.

घाबरू नका, सुटका सोपी आहे. कळ्या घ्या. अगदी कोवळ्या, पुंकेसर अजून पांढरट पारदर्शक असतील अशा. तीन भाग अल्कोहोल एक भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, थेट त्यात टाका, कोल्चिसिनचा थेंब नको. ॲसिटोकार्मिनमध्ये दाबा आणि परागमातृपेशीत (जिच्यापासून परागकण होतात ती) मिओसिस, म्हणजे संख्या निम्मी करणारं विभाजन, बघा, त्यात क्रोमोसोम जोडीने लागतात. १६ जोड्या दिसल्या तर रोप खरंच ३२ चं, ८ जोड्या दिसल्या तर बाटलीचं. आणि जोड्यांऐवजी चार-चारच्या साखळ्या किंवा कडी दिसल्या तर त्याही लिहून ठेवा, एकाच स्पीशीजचे दोन संच दुप्पट झाले की तसं व्हायची शक्यता जास्त, संकरातून दुप्पट झालेल्यात बहुतेक करून साध्या जोड्या लागतात. बहुतेक करून म्हणतोय, नेहमी नाही.

जुना_हर्बेरियमवाला

स्लाइडवाल्यांनी आकड्याचं सांगितलं, मी दिसण्याबद्दल बोलतो, कारण ताई तुमच्या प्रश्नात मला खरी गोची तिथे दिसते. समजा ३२ पक्के निघाले. मग तुम्ही पुरावे मोजताय असे: क्रोमोसोम दुप्पट हा एक, पानं जाड हा दोन, फूल मोठं हा तीन, परागकण मोठे हा चार. पण हे चार पुरावे नाहीतच हो, एकच आहे. संच दुप्पट झाला की पेशी मोठी होते, पेशी मोठी झाली की पान जाड, फूल मोठं, परागकण मोठा, पर्णरंध्राच्या रक्षकपेशी लांब. त्याच १६ वालीला लॅबमध्ये कोल्चिसिन देऊन दुप्पट केलंत तरी यातलं बरंचसं तसंच दिसेल. तुमच्याकडे वेगळा म्हणावा असा पुरावा एकच, ते ग्रंथीवाले केस. नुसतं मोठं होऊन केस फुटत नाहीत. म्हणून सगळा जीव त्या केसांवर लावा, किती रोपांवर आहेत, कोवळ्या देठावर आहेत की जून देठावरही, १६ वालीच्या एकाही रोपावर नाहीत हे तुम्ही भिंगातून बघितलंय की जुन्या वर्णनात लिहिलेलं नाही म्हणून धरलंय? वर्णनात नाही याचा अर्थ लिहिणाऱ्याने बघितलं नाही असाही असतो.

दुसरं, नावाचं. कोडमध्ये (वनस्पतींना नावं द्यायच्या आंतरराष्ट्रीय नियमांत) क्रोमोसोम संख्या द्यायलाच हवी असं कुठेही नाही, डीएनएही नाही, तेव्हा डीएनए नाही म्हणून झोप उडवू नका. लागतं काय तर वर्णन किंवा वेगळेपण सांगणारं डायग्नोसिस (२०१२ पासून लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालतं) आणि टाइप (नाव ज्या नमुन्याला बांधलेलं असतं तो), तो कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळलेल्या रोपांच्या संग्रहात) ठेवलाय ते सांगून. पण जुनं नाव कोणाचं, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलाच नाहीये. जुन्या स्पीशीजचा टाइप म्हणजे कधीकाळचं वाळलेलं रोप, त्याचे क्रोमोसोम कोणी मोजलेले नाहीत आणि आता मोजताही येणार नाहीत. ते रोप १६ चं होतं की ३२ चं? जर ३२ चं असेल तर जुनं नाव तुमच्या दांडग्या रोपाला जातं आणि बिननावाची उरते ती १६ वाली! हे झालं तर गाइडना कसं सांगणार ते बघा बुवा.

यावर उपाय तीच रक्षकपेशी. जिवंत, मोजलेल्या रोपांच्या पानांवर नेलपॉलिशचा थर देऊन छाप घ्या, दोन्हीकडे प्रत्येकी भरपूर लांब्या मोजा, दोन गट वेगळे पडतात का बघा. पडत असतील तर टाइप शीटच्या रक्षकपेशींची लांबी विचारा, क्युरेटरच्या परवानगीने, स्वतः पान तोडायचं नाही (हे सांगावं लागतं, अनुभव आहे). परागकणांचा व्यासही चालतो. पुरावा अप्रत्यक्षच, पण वाळल्या रोपाकडून यापेक्षा जास्त काय काढणार.

तिसरी_घंटा

मला एक कळत नाही. ३२ वालीचा १६ वालीशी संकर झाला तर २४ वाली संतती, ती बहुतेक वांझ. म्हणजे दोघी आपोआप वेगळ्या पडल्याच ना? मग स्पीशीज म्हणायला लाजायचं कशाला? ट्रॅगोपोगॉनच्या दोन नव्या स्पीशीज ओन्बीने १९५० मध्ये याच कारणाने लिहिल्या, आईबाप १२ चे आणि पोरं २४ ची. वेल्समधली सेनेसियो कॅम्ब्रेन्सिस तशीच, ४० आणि २० वाल्यांच्या संकरातून ६० ची.

जुना_हर्बेरियमवाला

@तिसरी_घंटा, तुमची दोन्ही उदाहरणं संकराची आहेत. तिथे दोन वेगळ्या स्पीशीजची लक्षणं एका रोपात मिसळलेली असतात, त्यामुळे ते रोप आईसारखंही नसतं आणि बापासारखंही, नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतं. ताईंचं रोप एकाच स्पीशीजचं आपल्याआपण दुप्पट झालेलं असेल तर गोष्ट निराळी. गॅलॅक्समध्ये १२ आणि २४ दोन्ही आहेत, मधले १८ वालेही सापडतात, तरी सगळे एकाच नावाखाली नांदतात. क्लेटोनिया व्हर्जिनिकात तर १२ पासून पार १९० च्या आसपासपर्यंत संख्या मोजल्यात, दर संख्येला स्पीशीज करायची म्हटलं तर बारसं घालताना जन्म जायचा.

पण तुमच्या बाजूचंही उदाहरण देतो. टोल्मिआ मेन्झिएसी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडची. १४ आणि २८ दोन्ही वर्षानुवर्षं एकाच नावाखाली होत्या. २००७ मध्ये १४ वाली टोल्मिआ डिप्लोमेन्झिएसी म्हणून वेगळी काढली. पण का, तर संख्येबरोबर दिसण्यातही फरक दाखवता आला आणि दोघींचे प्रदेशही वेगळे, एक दक्षिणेला एक उत्तरेला. आणि बघा, नवीन नाव १४ वालीला मिळालं, २८ वालीला नाही. मी वर म्हणालो ते हेच. वांझ संततीचा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही, पण उद्या कोणी वाळलेलं रोप हातात घेऊन बसला तर त्याला कुठली कुठली ते सांगता आलं पाहिजे, नाहीतर नाव लिहून उपयोग काय. यावर टॅक्सॉनॉमीतल्या लोकांचंही एकमत नाही, माझं मत धरून बसू नका.

पानाआड

अपडेट द्यायला उशीर झाला, कळ्यांचा मोसम संपत आला होता, धावपळ झाली.

कळ्या बघितल्या. ३२ खरे आहेत! १६ जोड्या बहुतेक पेशींत, काही पेशींत चार-चारच्या कडीही. १६ वालीच्या कळ्या त्याच दिवशी फिक्स केल्या, तिच्यात ८ जोड्या, पेपरवाले बरोबर होते. मुळांची टोकं पुन्हा केली, यावेळी तीन तास, ३२ च. त्या १६ वाल्या दोन पेशी खरंच फुटलेल्याच होत्या बहुतेक, पण यावेळी सगळ्या वहीत लिहिल्यात.

आता वाईट बातमी. हर्बेरियमवाले काका, तुम्ही म्हणालात म्हणून १६ वालीची चाळीस रोपं भिंगाखाली घातली. पाच रोपांवर ग्रंथीवाले केस आहेत. कमी आहेत, कोवळ्या देठावरच आहेत, पण आहेत. मी तासभर नुसती बसून होते.

गाइडना सांगितलं, ते म्हणाले पाचच तर आहेत. मी म्हटलं सर, पाच आहेत.

जुना_हर्बेरियमवाला

हे सरांना तोंडावर सांगितलंत ते उत्तम झालं. त्या पाच रोपांचे क्रोमोसोम मोजलेत का? नुसत्या दिसण्यावरून १६ वाली म्हणताय ना?

पानाआड

...नाही मोजले. उद्या सकाळी परत निघते, थोड्या कळ्या अजून असतील.

स्लाइडवाला

व्हाउचर शीट (पुरावा म्हणून वाळवून चिकटवलेलं रोप) विसरू नका, प्रत्येक मोजलेल्या रोपाचं वेगळं, नंबरासकट. नवीन स्पीशीज निघो न निघो, ३२ चा आकडा तरी छापायला होईल, फक्त त्याच्यामागे हर्बेरियममध्ये रोप असायला हवं. आणि कोल्चिसिन घरी ठेवून जा.