मदत हवी आहे : एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असताना क्रोएशियातून बोस्नियात जाऊन परत येता येते का?

पार्ल्याची_लेक

नमस्कार.

माझा मोठा भाऊ नोकरीनिमित्त म्युनिकला राहतो आणि आमचे आई-बाबा येत्या मे महिन्यात त्याच्याकडे जाणार आहेत. दोघांचे व्हिसा मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाकडून मिळाले आहेत, परंतु दोन्ही स्टिकरांवर प्रवेशांच्या संख्येच्या रकान्यात ०१ असे छापलेले आहे. दादाने त्यांना गाडीने ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियामार्गे क्रोएशियात स्प्लिट व दुब्रॉव्हनिकपर्यंत नेण्याचे ठरवले आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) असल्यामुळे तिथवर कोणाचीच हरकत नाही.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले पूल-अभियंता आहेत आणि बोस्नियातील मोस्तारचा जुना दगडी पूल पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे. १५६६ साली बांधून झालेला हा पूल १९९३ च्या युद्धात पाडला गेला आणि २००४ मध्ये मूळ पद्धतीने पुन्हा उभारला गेला, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. त्यामुळे दुब्रॉव्हनिकहून एका दिवसात मोस्तारला जाऊन परत यायचे, आणि दुसऱ्या दिवशी जमल्यास मॉन्टेनेग्रोतील कोटोर पाहायचे, असा बेत आखला गेला आहे. हे दोन्ही देश शेंगेनच्या बाहेर आहेत, हे माझ्या लक्षात आल्यापासून घरात रोज फोनवर वाद चालू आहे.

दादाचे म्हणणे असे, की गाडीला जर्मन नंबरप्लेट आहे, स्लोव्हेनियातून क्रोएशियात शिरताना त्याचा पासपोर्ट कोणी मागितलाही नव्हता, आणि मागितलाच तर वयस्कर आई-वडील आहेत, संध्याकाळी परत येत आहोत, असे सांगता येईल. बाबांचेही मत त्याच्याच बाजूचे आहे, कारण त्यांनी पशुपतिनाथाच्या यात्रेला जाताना सुनौलीची सीमा मतदार ओळखपत्र दाखवून ओलांडली होती आणि सीमा म्हणजे तेवढेच, अशी त्यांची समजूत झाली आहे. नेपाळची मोकळीक १९५० च्या करारामुळे आहे, ती सर्वत्र लागू होत नाही, हे मी सांगून पाहिले. त्यात भर म्हणून वहिनीच्या एका सहकाऱ्याने, चौकीवर अडचण वाटत असेल तर डोंगरातून पायवाटा आहेत, असे हसत हसत सुचवले आहे. ते गंमतीत म्हटले असावे, अशी माझी आशा आहे.

मला पुढील बाबतीत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. एक प्रवेश वापरून शेंगेनच्या बाहेर पडले आणि व्हिसाचे दिवस शिल्लक असले, तर पुन्हा आत येता येते का? येत नसेल, तर सीमेवर नेमके काय घडते आणि माणूस कुठे अडकतो? या प्रकाराचा पुढील व्हिसा अर्जावर कितपत परिणाम होतो? आणि आता, प्रवासाच्या तोंडावर, एका प्रवेशाचा व्हिसा अनेक प्रवेशांचा करून मिळण्याची काही सोय आहे का? कृपया "आम्ही गेलो होतो, काही झाले नाही" असे अनुभव सांगताना त्या वेळी आपल्या व्हिसावर काय छापले होते, तेही लिहावे.

कागदोपत्री (प्रतिसाद)

तुमची शंका रास्त आहे. एका प्रवेशाच्या व्हिसावर शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडले की तो व्हिसा तिथेच संपतो. वैधतेची तारीख पुढची असली किंवा दिवस शिल्लक असले, तरी त्याने काहीही फरक पडत नाही.

तुमच्या दादांच्या अनुभवात एक गफलत आहे. स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांच्यातील सीमा ही आता शेंगेनची अंतर्गत सीमा आहे; तिथे अधूनमधून तपासणी होते, पण नियमित चौकी नाही. क्रोएशिया आणि बोस्निया यांच्यातील सीमा मात्र युरोपीय संघाची बाह्य सीमा आहे, आणि तिथे प्रत्येक प्रवाशाची कागदपत्रे पाहिली जातात. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून बाह्य सीमांवर प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंदणी सुरू झाली आहे, ज्यात चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. पूर्वी पासपोर्टवरील अस्पष्ट शिक्क्यांच्या गर्दीत एखादी तारीख सुटून जात असेल. आता ती शक्यता धरून चालू नये.

आणखी एक मुद्दा. तुमचे बंधू तिथले रहिवासी आहेत, त्यांच्याकडे निवास परवाना आहे, म्हणून ते त्याच गाडीतून निर्धास्तपणे जाऊन येऊ शकतात. एकाच गाडीत बसलेल्या चौघांना चार वेगवेगळे नियम लागू होऊ शकतात, आणि गाडीच्या नंबरप्लेटला व्हिसा लागत नाही.

आता दोन देशांतला फरक पाहा, कारण खरा धोका तिथे आहे. बोस्निया भारतीयांना वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश देतो, पण त्यासाठी अनेक प्रवेशांचा वैध शेंगेन व्हिसा किंवा निवास परवाना लागतो. म्हणजे तुमच्या आई-बाबांना बोस्नियाच्या चौकीवर नकार मिळेल, आणि तोही क्रोएशियाच्या अधिकाऱ्याने निर्गमनाची नोंद केल्यानंतर. पुढचा देश घेत नाही आणि मागच्या देशातून तुम्ही कागदोपत्री बाहेर पडलेले आहात, अशा अवस्थेत दोन चौक्यांच्या मध्ये उभे राहून विनंती करावी लागेल. मॉन्टेनेग्रोचा नियम सैल आहे. वैध शेंगेन व्हिसा असलेल्यांना तो ३० दिवसांपर्यंत येऊ देतो. म्हणूनच मला तो अधिक धोक्याचा वाटतो, कारण तिथे जाताना कदाचित कोणी अडवणार नाही आणि अडचण संध्याकाळी परतताना कळेल.

परतताना प्रवेश नाकारला गेला, तर नकाराचा छापील नमुना हाती मिळतो आणि त्याची नोंद प्रणालीत राहते. नवीन शेंगेन व्हिसासाठी अर्ज साधारणपणे आपण राहतो त्या देशातूनच करावा लागतो. तिथल्या वकिलातीला अपवाद करण्याची मुभा असली, तरी फिरायला गेलो होतो, हे कारण त्यात बसण्याची शक्यता फार कमी. म्हणजे दोघांना तिथूनच शेंगेनबाहेरच्या एखाद्या विमानतळामार्गे, उदाहरणार्थ इस्तंबूलमार्गे, मुंबईला परतावे लागेल, आणि त्यांचे सामान, औषधे व परतीची तिकिटे म्युनिकला राहतील.

छापून आलेला व्हिसा प्रवासाच्या तोंडावर अनेक प्रवेशांचा करून मिळत नाही. त्यासाठी नवा अर्ज, नवे ९० युरो शुल्क आणि साधारण १५ दिवसांची प्रक्रिया लागते, आणि मुंबईत हल्ली भेटीची वेळ मिळणे हेच मोठे काम आहे.

सह्यभटक्या (प्रतिसाद)

पायवाटेच्या सूचनेबद्दल थोडे कठोर लिहितो, कारण हसत हसत दिलेले असले सल्लेच लोकांच्या डोक्यात राहतात.

बाह्य सीमा ठरवून दिलेल्या चौकीवरूनच आणि तिच्या ठरलेल्या वेळेतच ओलांडता येते. दुसरीकडून ओलांडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यानंतर व्हिसा कोणता होता हा प्रश्नच उरत नाही. बोस्निया-क्रोएशिया सीमा ही पश्चिम आशियातून आणि दक्षिण आशियातून पायी येणाऱ्या स्थलांतरितांची नेहमीची वाट असल्यामुळे क्रोएशियाचे पोलीस तिथे ड्रोन आणि उष्णतादर्शक कॅमेरे घेऊन गस्त घालतात. भारतीय पासपोर्ट घेऊन झुडपातून निघालेल्या माणसाला ते पर्यटक समजतील, अशी अपेक्षा करणे धाडसाचे आहे. बेकायदा प्रवेशासाठी परत पाठवण्याचा आदेश निघाला, तर त्यासोबत सहसा पाच वर्षांपर्यंतची प्रवेशबंदी लागू शकते, आणि ती शेंगेनच्या सर्व देशांना दिसते.

याहून वाईट गोष्ट म्हणजे १९९२ ते १९९५ च्या युद्धात पेरलेले भूसुरुंग बोस्नियाच्या ग्रामीण भागात अजूनही शिल्लक आहेत. कवटीचे चिन्ह असलेले लाल फलक तिथल्या जंगलात गंमत म्हणून लावलेले नाहीत. आम्ही तिथे अनेक प्रवेशांचा व्हिसा आणि स्थानिक वाटाड्या घेऊन गेलो होतो, आणि तरीही त्याने आम्हांला लघवीसाठीसुद्धा वाट सोडू दिली नाही.

पार्ल्याची_लेक

दोघांचेही मनापासून आभार. दादाला हा धागा पाठवला आहे. त्याचा एक नवा प्रश्न आहे : बाबांचा प्रवासविमा व्हिसासाठी लागतो तसा ३०,००० युरोंचा आहे, तो सीमेपलीकडे चालेल का? बाबांच्या हृदयात स्टेंट बसवलेला असल्याने मला हे व्हिसाइतकेच महत्त्वाचे वाटते. शिवाय म्युनिकला परत येताना वेळ वाचवण्यासाठी दुब्रॉव्हनिकहून विमानाने यायचे, असाही विचार चालू आहे. त्यात काही अडचण नसावी, असे मी गृहीत धरते.

कागदोपत्री (प्रतिसाद)

विम्याच्या कागदावर भौगोलिक मर्यादा लिहिलेली असते, ती शब्दशः वाचावी. व्हिसासाठी घेतलेल्या अनेक पॉलिसींत केवळ शेंगेन देशांचा उल्लेख असतो, आणि तसे असेल तर मोस्तारच्या रुग्णालयात तिचा काहीही उपयोग नाही. शब्द 'युरोप' असा असला, तरी बेकायदा वास्तव्याच्या काळातील खर्च नाकारण्याचे कलम बहुतेक पॉलिसींत सापडते. तसेच बोस्नियासाठी भारतीय राजदूत साराजेव्होत नसून बुडापेस्टहून काम पाहतात, हेही ध्यानात असू द्या. मदत फोनवर मिळेल, माणूस लगेच दारात येणार नाही.

विमानाबाबत मात्र काहीही गृहीत धरू नका. दुब्रॉव्हनिक ते म्युनिक थेट विमान असेल, तर ते देशांतर्गत प्रवासासारखेच आहे. परंतु स्वस्त तिकीट म्हणून बेलग्रेड, लंडन किंवा इस्तंबूलमार्गे जाणारे विमान घेतले, तर क्रोएशियातून निघताना निर्गमनाची नोंद होते, आणि पुन्हा म्युनिकला उतरणे हा दुसरा प्रवेश ठरतो. तिकिटाच्या संकेतस्थळाला तुमच्या व्हिसाशी काही देणेघेणे नसते, ते तीस युरो वाचवून आनंदाने तुम्हांला अडकवते. मी स्वतः असे तिकीट पाहून नुसते कपाळावर हात मारलेले लोक पाहिले आहेत.

पुढील व्हिसाचे विचारले होते, ते राहून गेले. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी टप्प्याटप्प्याची पद्धत लागू आहे : मागील तीन वर्षांत दोन व्हिसा नियमानुसार वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि पुढे पाच वर्षांचाही. तुमच्या आई-बाबांचा मुलगा तिथे स्थायिक आहे म्हटल्यावर त्यांना वारंवार जावे लागणार. त्यांच्यासाठी हा स्वच्छ वापर मोस्तारपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. व्हिसा अर्जांची माहिती युरोपीय प्रणालीत पाच वर्षे राहते.

नर्मदेहर (प्रतिसाद)

वर कोणी रस्त्याबद्दल लिहिले नाही, म्हणून लिहिते. मोस्तारचा बेत रद्द केला, तरी नकळत बोस्नियात शिरण्याची एक जागा शिल्लक राहते. स्प्लिटहून दुब्रॉव्हनिकला जाणारा जुना किनारी रस्ता नेउम या गावातून जातो, आणि तिथे सुमारे २० किलोमीटरचा किनारा बोस्नियाचा आहे. १६९९ च्या तहानंतर दुब्रॉव्हनिकच्या प्रजासत्ताकाने व्हेनिसला शेजारी ठेवण्यापेक्षा तुर्कांना मध्ये घेणे पसंत केले, त्याचा हा शिल्लक राहिलेला तुकडा आहे, आणि त्यामुळे क्रोएशियाचे दक्षिण टोक उरलेल्या देशापासून तुटलेले आहे.

हा तुकडा टाळण्यासाठीच क्रोएशियाने पेल्येशाट्स पूल बांधला. तो जुलै २०२२ मध्ये खुला झाला, त्याची लांबी २,४०४ मीटर आहे आणि तो आपल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूसारखा केबलवर तोललेला आहे. दादांना नकाशात पेल्येशाट्स पूल हा मधला थांबा म्हणून स्वतः टाकायला सांगा, कारण काही नकाशे अजूनही नेउमची वाट सुचवतात. बसने जायचे झाल्यास ती कोणत्या मार्गाने जाते, हे तिकीट काढण्याआधी विचारा. पूल ओलांडला की तिथून जवळच स्तोन हे गाव आहे, जिथे चौदाव्या शतकापासूनची काही किलोमीटर लांब दगडी तटबंदी डोंगरावर चढत गेलेली दिसते आणि मिठागरे अजून चालू आहेत. पूल पाहायला आलेल्या अभियंत्याला तिथे अर्धा दिवस सहज पुरेल.

आणि परतताना जर्मनीच्या सीमेवर तपासणी होऊ शकते; २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने सर्व भूसीमांवर ती सुरू केली आहे. आई-बाबांचे पासपोर्ट सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावेत.