नॉर्डश्लाइफवर सेकंद काढायचे तर अख्खे लॅप मारणं बंद करा

उशिरा_ब्रेक (धागाकर्ता)

मत थेट मांडतो, मग तुटून पडा. रेसिंगच्या सिम्युलेटरमध्ये नॉर्डश्लाइफवर, म्हणजे जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या लांबलचक जुन्या ट्रॅकवर, लॅपला ८:२० मिनिटांवर अडकलेला माणूस नुसते लॅप मारून ८:०० ला पोचत नाही. २०.८३२ किलोमीटरचा ट्रॅक, ७३ वळणं. ८:२० म्हणजे ५०० सेकंद. दहा लॅप म्हणजे ८३ मिनिटं, आणि तेवढ्या वेळात बेर्गवेर्कचं वळण दिसलं फक्त दहा वेळा. तेच मिनिटभराचा तुकडा घेऊन बसलात तर ऐंशी वेळा दिसेल. मोन्झासारख्या छोट्या ट्रॅकवर हा प्रश्नच येत नाही, तिथे दोन मिनिटांत पुन्हा त्याच वळणावर.

सोय आहेच. आयरेसिंग या सिम्युलेटरच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये ॲक्टिव्ह रीसेट: एका बटणाने जागा पक्की करायची, दुसऱ्याने परत तिथेच यायचं. ग्रॅन टुरिस्मो ७ या गेमच्या सर्किट एक्स्पीरियन्समध्ये ट्रॅक आधीच तुकड्यांत कापून दिलाय.

पण कुठलाही तुकडा उचलायचा नाही. ज्या वळणानंतर लांबवर फुल थ्रॉटल (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला) आहे तेच आधी. माझ्या मते पहिला मान बेर्गवेर्कचा. त्याआधी एक वेगवान डावा झोल (हलकं वळण) आहे, लाउडा-लिंक्स (१९७६ मध्ये निकी लाउडाची फेरारी तिथे पेटली, म्हणून हे नाव). तो सरळ होतो न होतो तोच घट्ट उजवं वळण. सगळे आतली कड लवकर गाठतात. मग बाहेर पडताना गाडी डावीकडच्या गवताकडे सरकते, अर्धा थ्रॉटल सोडावा लागतो, आणि पुढे केसेल्शेनचा चढ. बेर्गवेर्कआधीच्या एक्स-म्यूलेच्या तळापासून माथ्यावरच्या होहे आख्टपर्यंत गाडी जवळपास ३०० मीटर वर चढते. चढावर गमावलेला वेग परत यायला फार वेळ लागतो.

उपाय: झोल संपवून गाडी पूर्ण सरळ होऊ द्या, मग ब्रेक. आतली कड मध्याच्याही पुढे गाठा. थ्रॉटल एकदा दिला की परत सोडायचा नाही. सोडावा लागला तर तो आधीच दिला होता, पुढच्या फेरीला थोडं थांबा. एवढाच निकष ठेवून वीस वेळा करा.

दुसरा मान गाल्गेनकोप्फचा, कारण पुढे लॅपच्या शेवटचं डॉटिंगर होहेचं लांब सरळ. ताशी २०० किमीऐवजी २०५ ने सरळावर आलात तर दोन किलोमीटरला ३६ ऐवजी ३५.१ सेकंद. जवळजवळ एक सेकंद फुकट.

कारुसेल या प्रसिद्ध गोल वळणावर तास घालवणाऱ्यांना साष्टांग दंडवत. फोटो छान येतो, सेकंद येत नाहीत.

---

चाकाखाली_लिंबू

हिशेब देखणा आहे, पण दोन ठिकाणी भोक आहे.

पहिलं, ते ताशी ५ किमीच्या फरकाचं. सरळावर आलेला जादा वेग शेवटपर्यंत ५ राहत नाही. वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो आणि दोन्ही गाड्या एकाच कमाल वेगाकडे सरकतात. सरळाच्या शेवटी फरक उरतो एखाद्या किमीचा. म्हणजे ०.९ सेकंद नाही, फार तर निम्मा. शिवाय तुम्ही वेळ कसली मोजताय? ब्रिज-टू-गँट्री (पुलापासून कमानीपर्यंत, अख्खा लॅप नाही) मोजत असाल तर ती साधारण १९ किमीची. डॉटिंगर होहेचा मोठा भाग घड्याळात येतच नाही. मग गाल्गेनकोप्फचा मान उतरला की नाही?

दुसरं भोक मोठं. तुकड्याच्या सरावात तुम्ही बेर्गवेर्कला दरवेळी त्याच वेगाने, त्याच टायरने, त्याच डोक्याने येता. खऱ्या लॅपमध्ये एक्स-म्यूलेतून कधी ६ किमी जास्त, कधी ४ कमी. तिथे पाठ केलेली ब्रेकची खूण दगा देते. त्या बदलत्या वेगाशी जुळवून घेणं हेच तर कौशल्य, आणि ते तुकड्यात शिकता येत नाही. या ट्रॅकवर आंधळे चढ इतके आहेत की वेळ हातापेक्षा आठवणीत असते. श्वेडेनक्रॉइत्सचा डावा चढावरून पलीकडे उतरतो, दिसत नाही. लगेच आरेमबेर्गसाठी जोरात ब्रेक. डाव्यातून गाडी सरळ करायला अर्धा सेकंद राखून ठेवला नाही तर वाकड्या चाकांवर ब्रेक लागतो आणि मागची बाजू पुढे येते. पुढे काय येणार हे अंगात भिनलेलं असेल तरच हा अर्धा सेकंद राखता येतो. ते भिनतं अख्ख्या लॅपने. घाटात रोज जाणारा एसटीचा ड्रायव्हर वळणं सुटी सुटी शिकत नाही, घाट शिकतो.

---

बूड_घासतंय

तुम्ही दोघंही गाडीला विसरलात. मोन्झाचा किंवा स्पा ट्रॅकचा सेटअप (गाडीची जुळवणी) तसाच इथे आणलात तर ना तुकडा कामाचा ना लॅप.

फुक्सरोरे घ्या. उतारावर पूर्ण थ्रॉटल, खाली एकदम खोलगट, लगेच चढ. त्या खोलगटात गाडीचं वजन जमिनीत दाबलं जातं. उंची कमी असेल तर पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पट्टी) टेकतो, पुढच्या टायरवरचा भार काही क्षण बुडाकडे जातो आणि स्टिअरिंग मोकळं पडतं. माणसाला वाटतं आपण चुकीची लाइन घेतली. चुकीची होती राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची). जीटी३ (वेगवान रेसिंग गाडी) घेऊन येत असाल तर जीपी सर्किटच्या सेटअपपेक्षा पुढे-मागे ८ ते १० मिमी वर घ्या, स्प्रिंग एक-दोन टप्पे मऊ करा, फास्ट बंप (धक्का बसताना शॉक ॲब्सॉर्बरचा कडकपणा) सैल. खोलगटातून जाताना स्टिअरिंग शक्य तितकं सरळ. गाडी चढावर स्थिरावली की मगच आडेनाउअर फोर्स्टसाठी ब्रेक. तिथे चढामुळे पुढचं हळू डावं-उजवं दिसत नाही आणि अर्धी दुनिया सरळ गवतात जाते.

इंधनाचंही बघा. सरावाला टाकी भरून निघणारे खूप आहेत. जीटी३ इथे लॅपला ११-१२ लिटर पिते. एक आउट-लॅप (गॅरेजमधून निघाल्यावरचा पहिला), एक मोजायचा लॅप: ३० लिटर पुरेत. ९० भरलेत तर ४५ किलोचं पोतं उगाच ३०० मीटर वर वाहताय.

टायरचं प्रेशर गॅरेजमध्ये बघून उपयोग नाही. एसीसीमध्ये (असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने हा गेम) कोरड्या टायरला गरम असताना २६ ते २७ पीएसआय हवं, पण तिथला ट्रॅक २५.३७८ किमीचा, शेजारच्या जीपी सर्किटचा भाग जोडलेला. म्हणून एक अख्खा लॅप झाल्यावर वाचा, मग बदला. तुकड्याच्या सरावात हे कळणारच नाही, एवढ्यापुरता मी लिंबूंच्या बाजूने.

---

नवा_गडी

मध्येच विचारतो. माझ्याकडे २७ इंची एकच स्क्रीन, डोळ्यांपासून ६० सेंमी. वळणं आली तरी वेगाचा अंदाज येत नाही. आणि शिकायला मियाटा (छोटी, हळू स्पोर्ट्स कार) घेऊ की थेट जीटी३?

---

बूड_घासतंय

तुमच्या मापाला आडवा व्ह्यू (दृश्याचा कोन) सुमारे ५३ अंश, उभा ३१. असेटो कोर्सा उभा मागतं, आयरेसिंग आडवा. यातच गोंधळ होतो. आरसे दिसणार नाहीत, पण अंतर खरं दिसेल.

---

उशिरा_ब्रेक

मियाटा. पण ट्रॅकचा क्रम पाठ होईपर्यंतच. फुक्सरोरेतला उतार मियाटात पाय न उचलता निघतो, जीटी३ मध्ये तिथे विचार करावा लागतो. हळू गाडीतल्या ब्रेकच्या खुणा वेगवान गाडीत घेऊन जाऊ नका.

लिंबू, डॉटिंगर होहेच्या निम्म्या सेकंदाचं मान्य. ब्रिज-टू-गँट्रीचंही मान्य, तिथे गाल्गेनकोप्फ खाली घसरतो. बेर्गवेर्क मात्र दोन्ही मोजणीत पहिलाच.

बदलत्या वेगाच्या आक्षेपावर उत्तर आहे. लोक तुकडा चुकीच्या जागी कापतात. रीसेटची जागा वळणाच्या तोंडाशी ठेवली तर तुम्ही म्हणता तसंच होतं. ती दोन वळणं आधी ठेवा, म्हणजे बेर्गवेर्कसाठी ब्राइडशाइडच्या पुलाआधी. मग एक्स-म्यूलेतून दरवेळी थोड्या वेगळ्या वेगाने याल. शेवटही वळणावर नको, फुल थ्रॉटलच्या मधोमध. ब्रेकच्या खुणेशी कापला तर गाडी जास्त वेगात आणून तुकडा जिंकता येतो आणि पुढचं वळण हरता येतं. डेल्टा बार (आधीच्या चांगल्या वेळेपेक्षा पुढे की मागे ते दाखवणारी पट्टी) हिरवा, लॅप लाल.

---

चाकाखाली_लिंबू

हे 'दोन वळणं आधी, दोन वळणं नंतर' करत गेलात की तुकडा दोन मिनिटांचा होतो, आणि ऐंशीचे चाळीस होतात. तरी चालेल, कापण्याची जागा पटली.

पण फ्लान्झगार्टन तुमच्या पद्धतीने करून दाखवा. उतारावर उडी, लगेच उजवं. ब्रेक उडीच्या आधी, सरळ रेषेत, आणि चाकं सुटायच्या आत पाय काढायचा. हवेत ब्रेक दाबलेला राहिला तर चाकं थांबतात आणि जमिनीला टेकताक्षणी गाडी फिरते. स्टिअरिंग वाकडं असेल तर टेकल्यावर ती थेट कठड्यात. हे सुटं केलं तर पाच फेऱ्यांत जमतं. लॅपमध्ये तिथे पोचेपर्यंत मात्र बार हिरवा दिसत असतो, सहा-सात मिनिटांची कमाई हातात असते, आणि पाय ब्रेकवर जायला तयार होत नाही. सगळे चांगले लॅप तिथे आणि विपरमानमध्ये मरतात. तो हिरवा बार तुकड्यात कुठून आणणार?

---

उशिरा_ब्रेक

आणायचाच कशाला? मोजायच्या लॅपला डेल्टा बंद करा. तो सरळांवर बघायची चीज आहे, आणि सरळ आहे शेवटी.

---

बूड_घासतंय

बंद करून बघणाऱ्यांनी एक करा: लॅपनंतर मोटेकमध्ये (गाडीच्या नोंदी बघायचं सॉफ्टवेअर) थ्रॉटलची रेघ वेगाच्या रेघेखाली लावा आणि केसेल्शेनच्या चढावर किती वेळा खाली आलीये ते मोजा. तिथे शून्य हवं. तीन आलं तर आधी बेर्गवेर्कचा तुकडा, शून्य आलं तर लिंबूंचे अख्खे लॅप.

---

चाकाखाली_लिंबू

शून्य आलं आणि वेळ तरीही ८:२०?

---

बूड_घासतंय

मग लॅपच्या सुरुवातीचं हाट्झेनबाख उघडा. पहिल्या दीड मिनिटात टायर थंड म्हणून सगळे स्वतःला माफ करतात.