स्क्रिप्टने फाईल अपडेट केली की परमिशन बदलते

प्रश्न:
मंडळी, लिनक्सवर एक स्क्रिप्ट आहे, ती सेडने (sed, मजकूर बदलणारी कमांड) कॉन्फिग म्हणजे सेटिंग्जच्या फाईलमधली एक ओळ बदलते, आउटपुट एमकेटेम्पने (mktemp) बनवलेल्या टेंपररी फाईलमध्ये टाकते आणि मग एमव्हीने (mv, फाईल हलवणारी कमांड) मूळ फाईलवर आणते. आधी परमिशन ६४४ (सगळ्यांना वाचता येते) असते, नंतर बघावं तर ६०० (फक्त ओनरला), वेब सर्व्हरला फाईल वाचताच येत नाही. दरवेळी हाताने सीएचमॉड (chmod, परमिशन बदलणारी कमांड) मारायचं का?

रिप्लाय १:
एमव्ही जुन्या फाईलमध्ये काही लिहीत नाही, तिच्या नावावर नवीन फाईल आणून बसवतं, आणि एमकेटेम्प मुद्दाम ६०० नेच फाईल बनवतं, तेच पुढे येतं. एमव्हीऐवजी टेंपररी फाईल कॅट (cat) करून > ने मूळ फाईलमध्ये ओता, फाईल तीच राहते म्हणून ओनर, ग्रुप, परमिशन सगळं जसंच्या तसं.

रिप्लाय २:
बरोबर, पण मध्येच डिस्क भरली की फाईल अर्धवट राहते, चालू सर्व्हरच्या कॉन्फिगला मी तरी हे करणार नाही. टेंपररी फाईल त्याच डिरेक्टरीत बनवा, सीएचमॉडला रेफरन्स ऑप्शनमध्ये (--reference, त्या फाईलसारखीच परमिशन लावतो) मूळ फाईल द्या, सीएचओनलाही (chown) तसंच (ओनर बदलायला रूट म्हणजे ॲडमिन युजर लागेल), आणि मगच एमव्ही. मॅकच्या सीएचमॉडला हा ऑप्शन नाही हं.

प्रश्नकर्ता:
हेच हवं होतं! आणि सरळ सेड -आय (sed -i, थेट फाईलच बदलणारा ऑप्शन) वापरलं तर?

रिप्लाय २:
जीएनयू सेड आतून टेंपररी फाईलच बनवतं, परमिशन सांभाळतं, पण फाईल सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे नेणारी लिंक) असेल तर लिंक जाऊन तिथे साधी फाईल बसते, तेव्हा फॉलो-सिमलिंक्स (--follow-symlinks) ऑप्शन लावा.