मदत हवी आहे: जवस सुरू केल्यापासून बटेरांची अंडी पातळ सालीची येतायत

नमस्कार मंडळी,

घरामागच्या शेडमध्ये ३०० जपानी लाव्या आहेत (बाजारात सगळे बटेरच म्हणतात). वय साडेचार महिने, दिवसाला अडीचशेच्या आसपास अंडी. ओमेगा-३ वाली अंडी जादा भावाने जातात असं ऐकलं, आणि ओमेगा-३ जवसात असतं. आमच्या वऱ्हाडात जवसाची चटणी रोजचीच, घरी पोतं पडलेलं. भरडलं आणि तयार लेयर खाद्यात (अंडी देणाऱ्या पक्ष्यांच्या) १० टक्के मिसळलं. तीन आठवडे झाले.

आता शीट इतकी चिकट पडते की जाळीला लांबी फासल्यासारखी बसते, अंडी त्यातूनच घरंगळत येतात. बटेरं दुपारनंतर घालतात, म्हणून मी सहाला गोळा करतो. त्यात रोज दहा-बारा अंडी अशी की बोट लावलं तर खड्डा पडतो. खाद्य साडेसात किलो लागायचं, आता साडेसहावर आलंय. उजेड १६ तास, त्यात बदल नाही.

जवस भाजून देऊ की बंदच करू? दुकानदार म्हणतो मेथी आणि कलौंजीपण टाका. मला तर ते आगीत तेल वाटतंय.

प्रतिसाद १
मेथी अजिबात नको. कडू लागते, आहे ते खाणंही कमी होईल. चिकटपणा जवसाच्या बुळबुळीचा, सब्जा भिजल्यावर होतो तसाच. भाजल्याने तो पूर्ण जात नाही, पण कच्च्या जवसातले सायनाइड सोडणारे घटक कमी होतात, म्हणून भाजाच. प्रमाण ५ टक्क्यांवर आणा.

सालीचं गणित वेगळं आहे. खाद्याच्या पोत्यावर कॅल्शियम ३ टक्के असेल तर जवस मिसळून ते २.७ झालं. वर पक्षी २५ ऐवजी २२ ग्रॅमच खातोय. पाऊण ग्रॅम मिळायचं ते ०.६ वर आलं. १०० किलोला किलोभर शिंपल्याचा चुरा घाला. आणि जवस एका वेळी किती दिवसांचं दळता?

धागाकर्ता
महिन्याचं एकदम दळलं होतं, दादा. आत्ता डबा उघडून हुंगला, खवट मारतोय. खाणं यामुळेच कमी झालं असेल का? तो टाकून देतो, शिंपला उद्या आणतो. साल पूर्ववत व्हायला किती दिवस धरू?